नाव पुढे, नाव बुडे

आवणी म्हणजे तमिळ श्रावण महिन्यातला गुरुवार, सकाळचे साडेसहा. मेलकावेरी वस्तीतल्या एका माडीवरच्या खोलीत आम्ही तिघं होतो: घरमालकीण सरोजा अम्मा, मी आणि सेतुअण्णा. अण्णांना धरलं तर तीन, न धरलं तर दोन. अर्ध्या तासापूर्वी सरोजा अम्मांचा फोन आला होता, "सार, रायर एळुंदिरिक्कल." आम्हा मराठी माणसांना कुंभकोणम्‌मध्ये रायर म्हणतात. रायर उठले नाहीत, एवढंच त्या म्हणाल्या, आणि स्कूटर बाहेर काढेपर्यंत मीही त्याचा अर्थ तेवढाच धरला होता... माणूस उठला नाही म्हणजे झोपला असेल. अण्णा उजव्या कुशीवर होते. चष्मा डोळ्यांवरच राहिला होता. पंखा चालू होता आणि टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर पितळेचा एक तांब्या ठेवलेला होता. दुपारी कावेरीच्या काठावर दहनाला आम्ही आठ जण जमलो. त्या आठांत अण्णांशी मराठीत बोलू शकणारा मी एकटा होतो. त्यांना शेवटचं काही म्हणायचं म्हटलं तरी मनातल्या मनातच म्हणावं लागलं, कारण माझे ओठ हलताच शेजारी उभा असलेला त्यांचा चेन्नईचा भाचा माझ्याकडे बघून तमिळमध्ये विचारत होता, "अंकल, काही म्हणालात?"

सेतुमाधवराव माझ्याहून बावीस वर्षांनी मोठे. आमचं नातं असं काही नाही; दोन्ही घरांचे पूर्वज तंजावरच्या दरबारापाठी इकडे आले आणि इकडचेच झाले, एवढीच सोयरीक. कॉलेजजवळ त्यांचं वह्या-पेनांचं आणि परीक्षेच्या गाइडांचं दुकान होतं. लग्न केलं नाही. "विचारायला गेलो तेव्हा तिनं तमिळमध्ये नाही म्हणितलं, मी मराठीत ऐकलं," असं ते हसून सांगत. खरं काय ते मी कधी विचारलं नाही. दुकानाच्या गल्ल्यामागे बसून हा माणूस अद्भुतकथा लिहीत असे. त्यांत चालत्या डोंगरांची गावं होती, सावल्या गहाण ठेवून घेणारा सावकार होता, सात नद्यांचं एक राज्य होतं. मी पितळेच्या भांड्यांच्या दुकानात हिशेब लिहिणारा. कथा-कादंबरीशी माझा संबंध नव्हता. पण तरुणपणी चार वर्षं मी पुण्यात नोकरी केली होती आणि मला देवनागरी चांगली येत होती. अण्णांना ती धड येत नव्हती. आमच्या घरांतल्या पुष्कळ जणांसारखे ते बोलत मराठी आणि लिहीत तमिळ अक्षरांत. म्हणून दर रविवारी चार वाजता मी त्यांच्या खोलीवर जायचो, त्यांचे कागद देवनागरीत उतरवायचो आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचो. हे सतरा वर्षं चाललं.

यातली अडचण सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तमिळ लिपीत प आणि ब यांना एकच अक्षर आहे. त आणि द यांना एकच. ट, ड, ढ यांनाही एकच. मराठी त्या अक्षरांत लिहिलं की 'दार' आणि 'तार' सारखेच दिसतात, आणि कोणतं ते वाक्यावरून ओळखावं लागतं. बहुतेक वेळा ओळखता येतं.

सुरुवातीला अण्णा कादंबरी लिहीत होते. सात नद्यांच्या राज्याची आठशे पानं माझ्या डोळ्यांसमोर होती. मला सवयच आकड्यांची, तेव्हा गेलो की विचारायचो, "अण्णा, किती झालं?" पहिल्या वर्षी उत्तर यायचं, "वीस पानं वाढली." मग एके रविवारी म्हणाले, "चाळीस कमी झाली." पुढच्या महिन्यात आणखी कमी. मी काळजीत पडलो. हे असंच चाललं तर माणूस शून्यावर येईल, असं मी बोलूनही दाखवलं. अण्णांनी मला माझ्याच दुकानातलं उत्तर दिलं. "कां रे रघू, घागर ओतून झाल्यावर तुझे लोक तिला कानस लावतात की नाही? खाली भुकटी पडते ती कोणत्या खात्यात लिहितोस? नुकसान म्हणून?" मी म्हणालो, "भुकटी गोळा करून पुन्हा वितळवतात." तर म्हणाले, "मीही तेच करितों." आठशे पानांच्या त्या कादंबरीतून शेवटी अकरा लघुकथा उरल्या. एकही आठ पानांपेक्षा मोठी नाही. सावकार एकीत, डोंगर दुसरीत. राज्य कुठंच नाही.

त्यांचं एक मत होतं की अद्भुत गोष्टीत खोटी बाब एकच असावी, बाकी सगळं बाजारातून खरं आणलेलं असावं. हे मला फार पटायचं. मला फोन करून ते विचारायचे, "दोन घागरी पाणी मावेल अशा हंड्याचं वजन किती? राजकन्या तो कडेवर घेऊन पळेल का?" मी विचारायचो, हंडा रिकामा की भरलेला? "भरलेला." मग नाही पळणार, उचलणारही नाही. चार दिवसांनी त्यांनी त्या राजकन्येला पळवायचं सोडलं आणि हंड्याशेजारी बसवलं. राक्षस येतो, ती बसूनच असते, त्याला प्यायला पाणी देते. ती कथा वाचून माझी बायको जानकी रडली होती. तिनं ते कबूल केलं नाही, उलट त्यांनाच ऐकवलं, "अण्णा, तुमच्या गोष्टींतल्या बायका फार थोडं बोलतात हो."

"उदंड बोलणारी एक इथं आहे. तिला गोष्टीत घेतली तर राक्षसाची पाळीच येणार नाही."

"बरं होईल. तो निदान जेवायला वेळेवर जाईल. तुमच्यासारखा दुपारी तीनला भात मागत हिंडणार नाही."

"सरि, सरि. वाढ तर खरी," म्हणून ते पानावर बसायचे.

एकदा मी चूक केली. कथेत राजाची अंगठी नदीत पडते आणि ती शोधायला पाणबुडे उतरतात, असं होतं. उतरवून झालं आणि मी वाचायला लागलो, "अंगठी नदीच्या बोटात होती." अण्णांनी आपला कागद ओढून त्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "रघू, मी पोटात लिहिलं होतं. नदीच्या पोटात." मी पेन काढून खोडायला लागलो तर त्यांनी माझा हात धरला. "थांब, थांब. नदीला बोट असेल... तर ती अंगठी परत कां देईल?" त्या दुपारी पाणबुडे गेले, मासा गेला, प्रधान गेला. साडेतीन पानं राहिली. राजा काठावर बसून नदीला विचारतो, तुला ती आवडली का, आणि तिथं कथा संपते. महाराष्ट्रातल्या एका मासिकात छापून आलेली ती त्यांची पहिली कथा. छापताना मासिकवाल्यांनी 'उदंड'चं 'खूप' केलं, 'म्हणितला'चं 'म्हणाला' केलं. मला राग आला. अण्णा अंक लांब धरून वाचत राहिले आणि म्हणाले, "माझा राजा पुण्यास जाऊन शिकून आला की रे." अंक मिटला. त्यानंतर ते मला म्हणायचे, छापून येवो न येवो, माझी बोली तेवढी सांभाळ. निदान एक कथा आपल्या घरात बोलतों तशी छापून यावी, एवढं त्यांना हवं होतं.

तेराव्यानंतर भाच्यानं कागद माझ्या हातात दिले. चांगला मुलगा आहे. म्हणाला, "अंकल, हे मला सगळं वाचता येतं. पण कळत काही नाही." पुण्याच्या लोकांना कळलं असतं, पण वाचता आलं नसतं. दोन्ही येणारा माणूस आता मी.

तांब्याखाली होती ती बारावी कथा. कोरड्या नदीत नाव घेऊन बसलेल्या नावाड्याची. एक म्हातारी माहेरी जायला निघाली आहे आणि माहेर दर वर्षी एक कोस लांब सरकतं, ही त्यातली एकुलती खोटी बाब. पुण्याच्या एका दिवाळी अंकाच्या संपादक बाईंनी ती छापायचं कबूल केलं, आणि मी पुन्हा पुन्हा सांगितल्यावर, एकही शब्द न बदलता. मी उतरवत शेवटापर्यंत आलो. "म्हातारीनं विचारलं, पाणी कुठं आहे? नावाडी म्हणितला, तूं बैस. म्हातारी बसली." त्यापुढे दोन शब्द आहेत. पहिला 'नाव'. दुसरा 'पुढे' असेल किंवा 'बुडे'. तमिळ अक्षरांत दोन्ही अगदी सारखे.

नाव पुढे म्हणजे म्हातारी निघाली. नाव बुडे म्हणजे... आमच्या बोलीत असं जुनं क्रियापद अजून आहे, माझी आई 'सूर्य बुडे' म्हणायची. कोरड्या नदीत नाव बुडणं अण्णांना सुचण्यासारखंही होतं. वाक्यावरून ओळखावं, तर वाक्य दोनच शब्दांचं. मी अकराही कथा काढून बसलो. 'पुढे' शब्द भरपूर सापडला, 'बुडे' एकदाही नाही. पण नाव दुसऱ्या कोणत्या कथेत नव्हतीच, तेव्हा त्यानं काही सिद्ध होत नाही. जानकी म्हणाली, "पुढेच असणार हो. म्हातारीला ते बुडवतील होय?" थोड्या वेळानं तीच स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, "बुडवतीलही." संपादक बाईंचा फोन आला. "सर, पुढे घ्या ना. दिवाळी आहे, शेवट छान वाटेल." मी म्हणालो, दोन दिवस द्या.

दुसऱ्या दिवशी जुने कागद पुन्हा लावून ठेवताना बोटाला काही लागलं. अण्णांचा पूर्णविराम. कथा संपली की ते पेन असं दाबायचे की कागदाला मागून फोड यायची. अकराच्या अकरा शेवटच्या पानांवर ती हाताला लागली. बाराव्या कथेच्या शेवटच्या पानावरून मी बोट फिरवलं... कागद सपाट होता. पूर्णविराम नव्हताच. मी इतके दिवस शेवटचा शब्द शोधत होतो आणि तो शेवटचा नव्हता. अण्णा वाक्याच्या मध्येच उठले होते. चष्मा न काढता आडवे झाले, थोडं पडून मग लिहू म्हणून.

बाईंना तसं कळवलं. त्या हळहळल्या, मग म्हणाल्या, "तीन टिंबं टाकूया का? किंवा तुम्हीच पूर्ण करा की सर. इतकी वर्षं तुम्हीच उतरवलंय." त्या रात्री मी बसून लिहिलं, 'नाव पुढे सरकली.' व्याकरणात चूक नव्हती. आमच्या दुकानाच्या पावतीवर शोभलं असतं असं ते वाक्य होतं. मी ते खोडलं. टिंबांना नाही म्हणालो. 'म्हातारी बसली' इथवर छापा आणि खाली स्पष्ट लिहा की लेखकाची ही कथा अपुरी आहे. दोन शब्द मी दिले नाहीत. बाकी कथा आली ती मात्र 'उदंड'सकट आली, 'म्हणितला'सकट आली. काना-मात्राही बदललेली नाही. मी दोनदा ताडून पाहिली.

अंक आला त्या रविवारी चार वाजता मी मेलकावेरीला गेलो. खोली सरोजा अम्मांनी झाडून घेतली होती. पुढच्या आठवड्यात नर्सिंगला शिकणारी एक मुलगी राहायला यायची होती. खुर्ची नव्हती. मी खिडकीच्या कट्ट्यावर बसलो आणि कथा पहिल्यापासून मोठ्यानं वाचली, आमच्या घरात बोलतात त्या मराठीत, अण्णांना लागायची तशी सावकाश. अंकातलं संपल्यावर खिशातला मूळ कागद काढून ते दोन शब्दही वाचले. एकदा पुढे. एकदा बुडे. माझ्या तोंडातून दोन्ही जवळजवळ सारखेच आले. खालून जिन्यात पावलं वाजली आणि सरोजा अम्मांनी हाक मारली, "सार, मेले यारु? वर कोण आहे? कोणाशी बोलताय?"

"यारुम् इल्लै," मी म्हणालो. कुणी नाही.