कोरे गुडघे

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यासाठीच चपला घेत होते. तळेगावच्या दुकानात, मागे पट्टा असलेल्या, ओल्या वाटेवर न घसरणाऱ्या. फोनवर दत्ता, माझा आतेभाऊ, एवढंच म्हणाला, "ताई, आई गेली." दुकानदार विचारत होता, कुठला रंग देऊ... मी चपला तिथेच टाकून निघाले. आत्याच्या गावी, वडिवळ्याला पोचेपर्यंत मला रडू आलं नाही, राग मात्र कामशेतपासूनच यायला लागला होता. महिना होत आला, तो अजून ओसरलेला नाही. आणि हौसाआत्याबद्दल गोड गोड लिहायला गेले तर ती वरून शिवी हासडेल.

आमच्या घराण्यात सगळ्यात भरभर चालणारी बाई म्हणजे आत्या. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे गेले की मला तिच्यामागे अक्षरशः पळावं लागे. गावच्या धरणाच्या खालच्या अंगाला तिचं भाताचं खाचर. लावणीच्या दिवसांत ती सगळ्या बायकांच्या पुढे, आणि तोंडाचा पट्टा चालूच. पुढे गुडघ्यांनी दगा दिला. आधी काठी आली, मग काठीनंही भागेना, आणि शेवटची काही वर्षं ती ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारी, "माज्या खाचरात पानी किती हाय रं?" सांगणाऱ्यावर तिचा विश्वास नसायचाच. आपल्या पायांनी जाऊन आपलं खाचर बघायचं, एवढंच तिला हवं होतं. दुसरं काही तिनं मागितल्याचं मला आठवत नाही.

दत्ता लोणावळ्यात बंगल्यांची देखभाल करतो. मालक मुंबईचे, उगवणार कधीतरी शनिवार-रविवारी. एरवी सोफ्यांवर चादरी, गाद्यांवर प्लॅस्टिक, पडदे ओढलेले. त्याच्या हाताखाली वस्तू वर्षानुवर्षं कोऱ्या राहतात याचा त्याला फार अभिमान. त्यातल्याच एका मालकानं त्याला पुण्यातले डॉक्टर सुचवले. गुडघे बदलायचे, तेही रोबोच्या मदतीनं. मीही सोबत गेले. डॉक्टरांनी पडद्यावर तिच्या हाडांचं चित्र फिरवून दाखवलं, ठरल्यापेक्षा जास्त हाड यंत्राचा हात कापूच देत नाही म्हणाले. आत्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाय माजा, हात मशीनचा, मंग तुमी काय करनार?" डॉक्टर म्हणाले, "मी त्याचा कान धरून उभा राहणार." हे मात्र तिला पटलं.

ऑपरेशन उत्तम झालं. मुद्दाम लिहिते, कारण गावात आता रोबोच्या नावानं खडे फोडणं चालू आहे. दुसऱ्याच दिवशी ती वॉकर धरून दवाखान्याच्या लांबलचक पॅसेजमधून चालली. टोकाच्या खिडकीशी थांबली, वळली आणि केवढ्यांदा तरी ओरडली, "बग गं, हाडावर हाड घासत न्हाई!" तिचा तो चेहरा... निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चालवा, निजवून ठेवू नका.

घरी आल्यावर दत्तानं तिला कॉटवर निजवलं, पायांखाली मऊ उशा दिल्या, वर पांढरी चादर घातली. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी आईला दमवते म्हणून तिला येऊ नको सांगितलं. वॉकर ओट्याच्या कोपऱ्यात गेला, त्याच्यावरही प्लॅस्टिक. भेटायला येणारे मोसंबी घेऊन येत, दत्ता त्यांना मोबाइलवर रोबोचा व्हिडिओ दाखवी, आणि आत्या उठायला गेली की अख्खी खोली ओरडे, "बसा, बसा, मावशी!" मी भांडले. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हटलं. तर म्हणाला, "ताई, तितं फरशी हुती, हितं घसरन हाय. एवढं भारीतलं बसवलंय, जरा पक्कं हुंदे की. मंग चालंल जन्मभर." आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "माजं पाय हायेत का बंगल्यातला सोफा?" सगळे हसले. दत्ताही हसला.

मग पोटरी सुजली. पाय लोंबकळून सूज आली असणार, असं घरातल्या घरातच ठरलं आणि तिची उठबसही बंद झाली. दवाखान्यात कुणी कळवलं नाही. एका सकाळी तिला श्वास पुरेना, आणि गाडी कामशेतला पोचायच्या आत सगळं संपलं. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली, असं डॉक्टर म्हणाले. चालती ठेवली असती तर... त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मी करते. चालती ठेवली असती तर बहुतेक आज ती खाचराच्या बांधावर असती. दत्तानं तिला मायेनं मारलं. दुष्ट असता तर त्याला शिव्या घालून मी मोकळी झाले असते. पण तो रोज कोमट पाण्यानं तिचे पाय पुसायचा, हेच सहन होत नाही.

आमच्यात राख सावडायला बायका जात नाहीत. त्यामुळे राखेत काय सापडलं ते मला दहाव्याला कळलं. नदीवरून परतल्यावर दत्तानं मला आतल्या खोलीत नेलं, कपाट उघडलं आणि एक मऊ फडकं सोडलं. आत आत्याचे धातूचे गुडघे होते. अस्थींबरोबर ते पाण्यात सोडायला तो तयार झाला नव्हता. घरी आणून, चिंच लावून, तांब्यापितळेसारखे घासले होते. मागच्या खिडकीतून लांबवर खाचर दिसत होतं, पाण्यानं भरलेलं, बांधावर कुणी नाही. दत्तानं एक गुडघा उजेडात धरला, त्याच्यावरून अंगठा फिरवला. त्याचे डोळे भरून आले होते.

"बग ताई," तो म्हणाला, "येक बी ओरखडा न्हाई."