सायलीच्या जागी जुई

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. बहिणीला नाही, नाशिकच्या मैत्रिणींना नाही, आणि जिला सर्वांत आधी कळायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात तर काहीतरी गोड बोलून, कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या हातात देऊन मी तुम्हाला वाटेला लावलं असतं. त्या कलेत मी पटाईत आहे.

सिल्वासाला आम्ही आलो ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. ह्यांना मसाटच्या एका कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली होती. कॉलनी नवी. घरापुढची जमीन म्हणजे नुसता मुरूम आणि बांधकामाचा उरलेला राडारोडा. मी नदीकाठची माती पोत्यांनी आणवली, पाड्यावरून शेणखत मागवलं, आणि एक-दोन वर्षांत तिथे अबोली, शेवंती, कर्दळ, गुलाब — काय म्हणाल ते. कॉलनीत मला नावानं कुणी हाक मारत नसे, 'बागवाल्या बाई' म्हणत. कुणाच्या मिरचीची पानं आकसली, कुणाचा गुलाब हट्ट धरून बसला, की आले माझ्याकडे. झाडांच्या बाबतीत मी सांगेन ते खरं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमची ओळ संपते तिथून कामगारांच्या खोल्या सुरू व्हायच्या. मध्ये कमरेइतकी भिंत. भिंतीपलीकडे मंगल राहायची — अमळनेरकडची, माझ्याहून बरीच लहान. तिचा नवरा सुरेश जवळच्या सायली गावात एका धाग्याच्या कारखान्यात ऑपरेटर. सुरेशला बहीण नव्हती, मला भाऊ नव्हता. पहिल्याच वर्षी मी त्याला राखी बांधली आणि दोघांचीही ताई झाले. त्यांना मुलगी झाली ती सुरेशची नोकरी सायलीत कायम झाली त्याच महिन्यात, म्हणून पोरीचं नावही सायली. मी त्याला किती चिडवायची — बरं झालं तुला मसाटात काम मिळालं नाही, नाहीतर पोरीचं काय नाव ठेवलं असतंस?

ती चार वर्षांची होत आली तेव्हा सुरेशनं कामावरून येताना सायलीच्या फुलांचा वेल आणला. सायलीहून सायलीसाठी सायली. पोरीनं तो स्वतः खड्ड्यात ठेवला, माती लोटली, आणि रोज आंघोळीच्या पाण्यातला एक तांब्या वाचवून त्याला घालायला लागली. पुढच्या पावसाळ्यात वेल भिंतीवर चढला, फुलला. त्याच पावसाळ्याच्या शेवटी सायली तापानं गेली. आजारी पडली म्हणेपर्यंत गेली.

मग मंगल त्या वेलाची झाली. जेवण त्याच्यापाशी, निवडटिपण त्याच्यापाशी, पहिला घास त्याच्या बुंध्याशी. त्याच्याशी बोलायची, रागवायचीसुद्धा. येणारा-जाणारा भिंतीशी थांबून हळहळायचा. खरं सांगू? मला कंटाळा आला होता. दुसऱ्याच्या दुःखाचा कंटाळा येतो — कुणी बोलत नाही, पण येतो. आणि हेही सांगूनच टाकते — माझी एवढी बाग, पण लोक बघायला थांबायचे ते त्या एका वेलाशी.

एप्रिलमधली गोष्ट. ती पलीकडे बसली होती, मी इकडे झाडांची वाळकी पानं काढत होते. मी म्हटलं, मंगल, किती दिवस असं करणार? सावर आता. वाईट हेतूनं नाही म्हटलं — की म्हटलं? आता मलाच सांगता येत नाही. तिनं वर बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुम्हाले नाही समजायचं, ताई. तुमचं झाड मेलं तर तुम्ही दुसरं लावता."

मला मूल नाही. ही सबब नव्हे. सांगितलं नाही तर ते वाक्य मला कुठे लागलं हे तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगते. ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर मी परत दिला असता आणि विषय मिटला असता, माझं तोंड कमी नाही. पण त्या दिवशी मी हातातली वाळकी पानं टाकली. घरात गेले आणि कुकर लावला.

मे महिन्यात तिच्या भावाचं लग्न निघालं. ती जायला तयार नव्हती, सुरेशनं आणि मी मिळून तिला पाठवलं. निघताना तिनं माझा हात धरला. "बाकी काही नाही, ताई. वेलाले तेवढं पाणी घालजा." सुरेशच्या डबल ड्युट्या चालल्या होत्या. तो पहाटे जायचा आणि आला की झोपायचा, त्याच्यावर तिचा भरवसा नव्हता. माझ्यावर होता. मी म्हटलं, निर्धास्त जा.

वेल वाळला.

बघा, किती सोपं वाक्य. जसं काही त्यानंच मनावर घेतलं. इतकी वर्षं मनातल्या मनात मी ते असंच म्हणत आले, फार तर पुढे 'मी विसरले' असं जोडत आले. आज तरी — नाही, मी विसरले नाही. गुलाबाच्या कुठल्या फांदीला कळी आहे हे जिला झोपेत सांगता येतं, ती बाई महिनाभर एक वेल विसरेल? संध्याकाळी नळाला पाणी आलं की मी पाइप लावायची. आधी माझी झाडं. मग भिंतीवरून पाइप पलीकडे न्यायची, मंगलच्या तुळशीला घालायची, तिच्या अळूला घालायची. वेलापाशी आले की पाइप वळवायची. पहिल्या दिवशी वाटलं, उद्या घालू. दुसऱ्या दिवशी त्या वळवण्यात मला — कसं सांगू — बरं वाटलं. मग मी संध्याकाळची वाट बघायला लागले. पानं मलूल झाली, पिवळी पडली, गळली. मेचं ऊन, मुरमाची जमीन. मी रोज बघत होते. अधूनमधून एकेक तांब्या घातला असता तरी तो जगला असता.

मंगल रविवारी येते असं सुरेश म्हणाला, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. नखानं खोडाची साल खरवडून बघितली, आत हिरवं कुठेच नव्हतं. दुपारी कॉलनी पंख्याखाली पडलेली असताना मी रिक्षा करून वापीच्या रस्त्यावरच्या नर्सरीत गेले. सायली मागितली. तिथल्या काकांनी एक वेल पुढे केला, म्हणाले, "सेम छे, बेन, लई जाव." सेम नसेल अशी शंका मला आली का? आली. पण पानं सारखी वाटली, आणि दुसरीकडे शोधायला वेळ नव्हता.

घरी येऊन मी भिंत ओलांडली, जुना वेल उपसला. मुळांबरोबर खालून एक लाल प्लॅस्टिकची बांगडी वर आली, लहान पोरीच्या हाताची. लावताना सायलीनंच आत टाकली असणार. कशाला टाकली असेल? मुलांचं काही सांगता येत नाही. मी ती परत खाली ठेवली, त्यावर नवा वेल लावला आणि माती दाबली. जुना माझ्या खताच्या खड्ड्यात टाकला. त्या खतावर पुढच्या वर्षी माझी शेवंती फार छान आली.

मंगल आली ती पिशव्या खाली ठेवायच्या आधी भिंतीशी गेली. इतका बुटका कसा झाला, विचारलंन. उन्हानं जळत होता, म्हणून छाटला, आता जोमानं येईल, असं मी सांगितलं. ती माझ्या पाया पडायला वाकली. माझ्यासाठी माहेरून ज्वारीचे बिबडे, त्यांच्याकडचे पापड, आणले होते तिनं, आम्ही ते भाजून खाल्ले.

पावसात वेल फोफावला. भाद्रपदात एका सकाळी ती भिंतीशी आली, तळहातावर एक फूल. सायलीच्या पाकळ्या कशा सडपातळ, लांब असतात. हे फूल बारीक होतं, पाकळ्या गोल. जुई. "ताई, हे तिचं फूल नाही," ती म्हणाली.

तेव्हा सांगता आलं असतं. ती रडली असती, मला शिव्या दिल्या असत्या, जन्मभर बोलली नसती — आणि ते योग्यच झालं असतं. पण तिनं पुढचं काही विचारायच्या आत माझ्याच तोंडून निघालं, "कधी कधी बदलतं फूल, मंगल. छाटणीनंतर बदलतं." बागवाल्या बाई बोलल्या. संपलं.

तिनं तळहात डोळ्यांजवळ नेऊन ते फूल निरखलं. मग तिनं दुसरा हात पोटावर ठेवला. तिला दिवस गेले होते, अजून कुणाला सांगितलं नव्हतं. "तिनंच कळवलं, ताई," ती म्हणाली. "मी येते म्हणे. पण दुसरी होऊन येते." सायली गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. काय करायला हवं होतं मी? ते मला तेव्हाही कळत होतं.

मुलगी झाली. नाव अर्थातच जुई. बारसं इथेच, त्या दोन खोल्यांत झालं, आणि नाव ठेवायला आत्या लागते — आत्या मीच. पाळण्यात वाकून मी त्या इवल्याशा कानात कुर्रर्र केलं आणि ते नाव सांगितलं. आत्यानं नाव सांगितलं की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, तुम्हाला ठाऊक असेल. त्या हसत होत्या, मारत होत्या. मी पाळण्याची कड धरून वाकलेलीच राहिले. वाटलं, आणखी मारा. जोरात मारा.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, झालं ते झालं, त्या बाईला आधार तर मिळाला. मीही स्वतःची अशीच समजूत घालत होते, कितीतरी वर्षं. पण तो आधार एका जित्या पोरीच्या अंगावर घातलेला होता. सायलीला भेंडी आवडायची, म्हणून जुईला आवडली पाहिजे. सायली अंधाराला भीत नसे, म्हणून जुईनं भ्यायचं नाही. तिनं हट्ट केला की मंगल कौतुकानं म्हणायची, अशीच करायची, तेव्हाही अशीच करायची. जुईचा वाढदिवस फाल्गुनात, तेव्हा नुसता शिरा. मोठा वाढदिवस व्हायचा तो दिवाळीनंतरचा, सायलीचा. त्याला दरवर्षी नवा पिवळा फ्रॉक, कारण सायलीचा शेवटचा फ्रॉक पिवळा होता. पोर तो घालून वेलापाशी उभी राहायची आणि सुरेश फोटो काढायचा. फोटोत ती कधी हसलेली मला आठवत नाही.

आता जे सांगायचं आहे त्याच्यासाठी हे सगळं सांगितलं. वेल मारला तो रागात. मंगलशी खोटं बोलले ते भीतीनं. पण हे?

जुई आठ-नऊ वर्षांची असेल. दिवाळी होऊन गेली होती. दुपारी ती माझ्या पायरीवर येऊन बसली, अबोलीची फुलं वेचून देत. इथल्या पोरांची भाषा तुम्हाला सांगायला नको, मराठीत अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी. मान खालीच घालून तिनं विचारलं, "आत्या, एकदम सच्ची सांग हं. फूल असं चेंज होतं का? आमच्या टीचर बोलल्या, नाही होत. मम्मी म्हणते, आत्यानं सांगितलंय."

मी म्हटलं, का गं?

"नसेल होत, तर मी सायली नाही ना?" आता तिनं मान वर केली होती. इतक्या आशेनं माझ्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही.

पलीकडून मंगलच्या शिलाई मशीनचा आवाज येत होता. आम्ही दोघी होतो, तिसरं कुणी नव्हतं. एक शब्द बोलायचा होता.

मी म्हटलं, "होतं चेंज कधी कधी. टीचरना बागेतलं काय कळतं?"

तिनं मान परत खाली घातली. मग "बरं" म्हणाली, ओंजळीतली अबोली माझ्या परडीत टाकली, चपला पायात सरकवल्या आणि पिवळ्या फ्रॉकचं माप द्यायला घरी गेली.