हलिमाबींच्या पोटातलं औषध

"एक तरी भोक पडलंय का?" डॉ. सबनिसांनी दारातूनच विचारलं.

"नाही साहेब. जंतू मजेत आहेत," मी म्हणालो.

१९३०च्या दशकातली गोष्ट. श्रीवर्धनच्या दवाखान्यामागे आमची एका खोलीची लॅबोरेटरी होती; मी तिथला साहेबांचा मदतनीस. वीज नव्हती, जंतू वाढवायचा इन्क्युबेटर रॉकेलच्या दिव्यावर चाले. गावात रक्ताच्या हगवणीची साथ होती, दोन लहान मुलं दगावली होती. मुंबईहून फेजच्या कुपी आल्या होत्या. फेज म्हणजे जंतूंना मारणारं, सूक्ष्मदर्शकातही न दिसणारं काहीतरी.

त्याची टेस्ट सोपी. बशीत अगरच्या जेलीसारख्या थरावर रोग्याचे जंतू पसरायचे, वर औषधाचा थेंब टाकायचा. सकाळपर्यंत जंतूंची साय धरते. औषध लागू असेल तर थेंबाच्या जागी स्वच्छ भोक पडतं. आमची साय अखंड होती.

"वाटायचा हुकूम आलाय," साहेब म्हणाले.

"वाटा, पण पाण्याइतकाच गुण येईल. इथल्या जंतूंना इथलाच फेज हवा. जो रोगी आपणहून बरा होतोय, त्याच्या पोटात तो सापडू शकतो."

तशा एकच होत्या. बंदरावरच्या हलिमाबी. तीन दिवस निपचित पडलेल्या, आता उठून सुनांना ओरडत होत्या. मी चाचरत सॅम्पल मागितलं. कशाचं, तेही सांगितलं.

"या अल्ला! माजा पोरगा जहाजावर खलाशांचा तांडेल हाय, आनि सरकार माज्याकडं ह्ये मागतंय?"

"बीबी, गावातल्या पोरांसाठी हवंय," साहेब म्हणाले.

हलिमाबी सुनेला म्हणाल्या, "डबा आन गो."

सॅम्पल पाण्यात कालवून चिनीमातीच्या फिल्टरमधून गाळलं. या फिल्टरमधून जंतू जात नाहीत, फेज जातो. गाळलेल्या पाण्याचे थेंब बशीत टाकले.

सकाळी झाकण काढलं आणि मी ओरडलोच. सायीची चाळण झाली होती! साहेब धावत आले, बशी उजेडात धरली आणि चक्क मला मिठी मारली.

मग तो फेज जंतू वाढवलेल्या मांसाच्या गढूळ सुपात वाढवला. दुपारपर्यंत सूप नितळ झालं. पुन्हा गाळलं. त्यात एकही जिवंत जंतू उरला नाही याची खात्री केली. पहिला चमचा साहेबांनी स्वतः घेतला, डोळे मिटून.

मग ते रोग्यांना वाटलं. त्यानंतर गावात कुणी दगावलं नाही. सगळं श्रेय फेजला देणार नाही; विहिरींत आम्ही जंतू मारणारं पोटॅशही टाकलं होतं. पण हलिमाबींना असली शंका नव्हती. आमच्यासाठी त्या वाफवलेल्या गोड सांदणांची परात घेऊन आल्या आणि बाहेरच्या रोग्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "खावा पोटभर. माज्या पोटानं गाव वाचवलंय!"

पुढे औषध कुठूनही येवो, मी ते आधी इथल्या जंतूंवर टाकून बघायचो. लेबल माणसं वाचतात, जंतू वाचत नाहीत.