धुक्याच्या वरचा बाक

रोज दुपारी बाराची चर्चची घंटा थांबली की डोरा रिझर ग्रामपंचायतीच्या कचेरीबाहेरच्या काचेच्या फलकासमोर जाऊन उभ्या राहत. दोन्ही हात पाठीमागे, चष्मा कपाळावर, नाक काचेला टेकेल इतकं जवळ. कुणाला गॅरेज बांधायचंय, कुठल्या गल्लीचं पाणी मंगळवारी बंद, कुत्र्यांचा कर कधी भरायचा. नवीन काही नसलं तर कालचंच पुन्हा वाचत. एकतीस वर्षं त्यांनी हिंटराउमध्ये टपाल वाटलं होतं. कुठली बातमी कुठल्या दारात जाते हे हाताला ठाऊक असलेल्या बाईला घरी नुसतं बसवत नसावं.

वाचून झालं की त्या घरी येत, सूप पीत आणि मागच्या खोलीत शिकवायला बसत. शिकणारे सगळे मोठे, कुणाचे केस पिकलेले. दुसऱ्या देशांतून येऊन इथे वर्षानुवर्षं राबलेले आणि आता नागरिकत्वाचा अर्ज केलेले. लेखी परीक्षा शहरात होई, तिची कुणाला फारशी धास्ती नव्हती. धास्ती होती गावाच्या समितीची. टेबलापलीकडे पाच ओळखीचे चेहरे बसतात आणि तुम्ही आमच्यातले आहात का, हा एकच प्रश्न तो न विचारता तासभर विचारत राहतात.

डोराबाईंच्या हातून बारा वर्षांत एकोणीस जण पार झाले होते. विसावे बेसिम रुस्तेमी अडकले, आणि ते डोराबाईंमुळे अडकले.

रुस्तेमी मूळचे कोसोव्होचे. चोवीस वर्षं नदीकाठच्या लाकडाच्या गिरणीत. मोठ्या अंगाचे, कमी बोलणारे, उजवा गुडघा अधू. त्यांच्याबरोबर बायको आणि तिन्ही मोठ्या मुलांनीही अर्ज केले होते. समितीला गावातली आवडती जागा विचारायची सवय होती, म्हणून डोराबाईंनी प्रत्येकाला एक सुंदर उत्तर पाठ करून घेतलं होतं: टेकडीवरच्या छोट्या चॅपलच्या मागचा बाक, कारण शरदात तिथे बसलं की धुकं खाली राहतं आणि आपण वर. उत्तर खरंच सुंदर होतं. फक्त ते डोराबाईंचं होतं. बायकोला आणि मुलांना नेमका तो प्रश्न आला नाही. रुस्तेमींना आला.

ते बाकाचं बोलले. अध्यक्षीणबाई इमहोफ हसल्या, कारण त्या धुक्यावर बसलेला हा त्यांचा सातवा माणूस होता. त्यांनी सहज विचारलं, शेवटचं कधी गेला होता? रुस्तेमींना तो चढ गुडघ्यामुळे कधीच चढता आला नव्हता. घाबरून ते म्हणाले, परवा.

लाकूडतोडीसाठी चॅपलची वाट पंधरा दिवस बंद होती. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. फलकावर सूचना होती, आणि डोराबाईंनी ती नऊ वेळा वाचली होती. रुस्तेमींना सांगावं असं मात्र त्यांना सुचलं नाही, कारण शिकवताना तो बाक म्हणजे नुसतं एक उत्तर होतं. तिथे जायला वाट लागते हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

बायको-मुलांना इथले लाल पासपोर्ट मिळाले. रुस्तेमींना तीन पानी पत्र आलं: अर्जदार खरं बोलले नाहीत, दोन वर्षांनी पुन्हा यावं.

ती दोन वर्षं डोराबाई त्यांना रस्त्यात भेटल्या की आधी त्या नमस्कार करत. गावात वयानं लहान असलेल्यानं आधी करायचा असतो.

मग एका ऑक्टोबरात रुस्तेमी दारात आले. "बाई, हा शेवटचा अर्ज. वर्षातून चार वेळा मतदानाची पाकिटं घरी येतात. दर वेळी चार, बायको-मुलांचीच. मी टपालपेटीतून काढून टेबलावर ठेवतो. टपालवाला झालोय मी माझ्याच घरात."

"टपालवाला वाईट नसतो," डोराबाई म्हणाल्या. मग त्यांना आत घेत, "या वेळी मी उत्तरं देणार नाही. तुम्ही द्यायची."

तालमीसाठी लुटुपुटूची समिती लागे. तिच्यात शेजारचे कोबीकाका असत, आयुष्यभर चीज बनवत आलेले, आणि वरच्या मजल्यावरची मी. कोबीकाका अध्यक्ष होत, कारण त्यांना अपमान करायला आवडे.

"तर रुस्तेमी, गावातली आवडती जागा? आणि बाकाचं नाव काढलंत तर मी उठून जाईन."

रुस्तेमी गुडघा चोळत म्हणाले, "गिरणीच्या मागे, ओले ओंडके उतरवतात तिथे. नऊच्या सुट्टीत मी तिथे पाव खातो. वास चांगला येतो."

"ती काय जागा आहे?" कोबीकाका म्हणाले. "तिथे तर मांजरसुद्धा बसत नाही."

"बसते. दोन बसतात."

डोराबाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "हेच सांगा," त्या म्हणाल्या.

"याला आवडती जागा म्हणतात?"

"मी त्या रस्त्यानं रोज टपाल नेत होते. वास मलाही आवडायचा. पण कुणी विचारलं की मी बाकाचं सांगायचे. चारचौघांत बरं दिसतं म्हणून."

मुलाखत नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी होती, संध्याकाळी पाचला. डोराबाईंनी त्या दिवशी सकाळपासून तीन वेळा भांडी घासली. कोबीकाका येऊन बसले, त्यांना बटाटे सोलायला दिले. साडेसहाला रुस्तेमी आले. कोट न काढता खुर्चीत बसले.

"बाई, मी सगळं घालवलं."

"काय झालं?"

"जागेचं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मांजरांचंही. मग त्या इमहोफबाईंनी विचारलं, गावात आवडत नाही असं काय आहे? याची तालीम आपण केलीच नव्हती."

"नव्हती," डोराबाई हळूच म्हणाल्या.

"मी म्हणणार होतो, काही नाही, सगळं छान. तोंडावर आलं होतं. पण एकदा खोटं बोललो होतो ना तिथेच. म्हटलं, गिरणीच्या बसथांब्यावरचा दिवा. हिवाळ्यात साडेपाचला अंधार पडतो, सहाला आमची पाळी सुटते, आणि दिवा दीड वर्ष बंद. मागच्या जानेवारीत आमचा एक जण घसरून पडला, मनगट मोडलं. मी कचेरीत दोनदा गेलो. म्हणाले, लिहून द्या. लिहून दिलं. दहा महिने झाले, उत्तर नाही. आणि बाई, मग मी थांबलोच नाही. पत्राची तारीख सांगितली. कुणी घेतलं त्याचं नाव सांगितलं. म्हटलं, उत्तर द्यायचं नसेल तर लिहून कशाला मागता?"

"आवाज चढवलात?"

"थोडा."

"म्हणजे भांडलात."

"भांडलो."

डोराबाई खुर्ची ओढून बसल्या. कोबीकाका बटाटा सोलत राहिले. "मी या कचेरीशी चाळीस वर्षं भांडतोय," ते म्हणाले. "मला कुणी हाकललं नाही."

"तुम्ही इथे जन्मलात, काका," रुस्तेमी म्हणाले.

कोबीकाकांनी पुढचा बटाटा उचलला.

"ते काय म्हणाले?" डोराबाईंनी विचारलं.

"काही नाही. ते लोहाराच्या घरचे आहेत ना, टोकाला बसतात, ते अध्यक्षीणबाईंना म्हणाले, दिव्याचं मीही कळवलं होतं. मग त्यांचं आपापसांत सुरू झालं, दिवा वीज कंपनीचा की गावाचा. वीस मिनिटं. मी तसाच बसलेलो. मग म्हणाले, या तुम्ही, कळवू."

त्यानंतर सहा आठवडे गेले. डोराबाई फलकाकडे जात, पण दोन ओळी वाचून परत येत. मी एकदा म्हटलं, समितीला राग आला नसेल. त्या म्हणाल्या, "पहिल्या वेळी मी रुस्तेमींच्या तोंडात खोटं घातलं. या वेळी खरं बोला म्हटलं. दोन्ही वेळा तिथे बसायला तेच होते, मी नव्हते."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, शनिवारी सकाळी, रुस्तेमी पाकीट घेऊन आले. उघडलेलं नव्हतं. बायकोनं, मुलांनी मागितलं तरी दिलं नव्हतं.

"बाई, तुम्ही उघडा. माझ्याच्यानं होत नाही."

डोराबाईंनी पाकीट घेतलं. उघडलं नाही. तळहातावर ठेवलं, अंगठा वरून एकदा फिरवला, एका कोपऱ्याला धरून जरासं वाकवलं. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून अशी किती पाकिटं गेली असतील. त्यांचे खांदे खाली आले. इतक्या दिवसांत प्रथमच मला कळलं की ते वर होते.

"एकच कागद आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"नाही म्हणायचं असेल तर त्यांना कारणं लिहावी लागतात. नियम आहे तसा. गेल्या वेळी तीन पानं होती. हो म्हणायला कारण लागत नाही."

रुस्तेमींनी पाकीट परत घेतलं आणि फाडलं. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. शेवटच्या ओळीपाशी आल्यावर ते पुन्हा वरून वाचायला लागले. मग कागद घडी करून खिशात ठेवला, पुन्हा काढला, टेबलावर ठेवला. रडले नाहीत. मोठा श्वास सोडला, आणि अधू गुडघा दोन्ही हातांनी दाबत खाली बसले, दिवसभराची पाळी संपल्यासारखे.

"चला," ते म्हणाले. "झालं."

"झालं," डोराबाई म्हणाल्या.  त्या उठल्या, कपाटातून तीन छोटे पेले काढले, चेरीची दारू ओतली. कोबीकाकांना भिंतीवर थाप मारून बोलावलं, तर चौथा पेला काढावा लागला.

"आता तक्रारी जरा बेतानं करा," कोबीकाका आत येत म्हणाले. "नाहीतर समितीवर बसवतील."

आमच्याकडे अहो-जाहो सोडायचं तर वयानं मोठ्या माणसानं आधी हात पुढे करायचा असतो. एकोणीस विद्यार्थ्यांत डोराबाईंनी तो कधी कुणापुढे केला नव्हता, शिकवणाऱ्यानं थोडं लांब राहावं म्हणून. आता त्यांनी पेला डाव्या हातात घेतला आणि उजवा पुढे केला.

"डोरा," त्या म्हणाल्या.

रुस्तेमी उभे राहिले, हात पँटला पुसला, मग धरला. "बेसिम."

पेले रिकामे झाले. बेसिमना घरी जायची घाई होती, चौघं वाट बघत होती. कागद पुन्हा खिशात घालून, तो नीट बसलाय का हे वरून चाचपत ते जिना उतरू लागले. गुडघ्यामुळे एकेक पायरी. डोराबाई कठड्यापाशी उभ्या राहून बघत होत्या.

"बेसिम," त्यांनी वरून हाक मारली, "खालचं दार नीट ओढून घे रे. वाऱ्यानं आपटतं."