चारचं विमान

माणिकप्पाकाकांनी तीस वर्षं लातूर-नांदेड एसटी चालवली. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी लातूरजवळच्या आमच्या औशात कुणी नांदेडला निघालं की काका विचारणारच, "कितीची गाडी?" उत्तर काहीही येवो, काकांच्या मते ती गाडी चुकीचीच. पाहुणा जेवायला बसला की हे त्याला उठायची वेळ सांगणार! काकू म्हणायची, "तुमचं घड्याळ बंद पडलं तर तुम्ही बी जाल." शेवटी गेली तीच.

एका संध्याकाळी गेली. एकुलती एक मुलगी रुद्राणी बेंगळुरूला. तिला आईचं तोंड दिसावं म्हणून काकांनी माती दुसऱ्या दिवसावर ढकलली. दुपारी बाराला ती नांदेडच्या विमानतळावर उतरली आणि तिचा फोन आला. तेव्हा इकडे अंगणात काकूचं विमान सजत होतं. आम्हा लिंगायतांत मयताला बसतं करून बांबूच्या सजवलेल्या डोलीतून नेतात. त्या डोलीला विमानच म्हणतात.

"विमान चारला निघायलंय," काका म्हणाले. "चुकवू नको."

"न्हाई चुकवत आप्पा."

नांदेडहून गाडीनं साडेतीन तास, म्हणजे चारच्या आत पोरगी दारात. तीनपासून तिचा फोन लागेना. "वाटंत रेंज नसती," काका सगळ्यांना सांगत होते. साडेचार झाले. दिवस मावळायच्या आत माती व्हायला हवी म्हणून मंडळींनी विमान खांद्यावर घेतलं. गल्लीच्या तोंडाशी काकांचा फोन वाजला. तो माझ्याकडे होता; मी उचलला, तर रुद्राणी.

"सोमेश, चारचं विमान अजून लागलं न्हाई रे. इथं कुणाला ठाऊकच न्हाई."

"तू हायस कुठं?"

"नांदेडच्या विमानतळावरच. मोबाईल बंद पडला होता. नेटवर बघितलं मी, लातूर सव्वाशे किलोमीटर, विमानानं पंचवीस मिनिटं. वेळ तर आप्पांनीच सांगितली."

नेटवाल्यांनी नकाशावर रेघ ओढायची, मिनिटं लिहून मोकळं व्हायचं. तिथून विमान सुटतं का, हे कुणी बघायचं? असा संताप आला! पण तो काढणार कुणावर? मी फोन काकांना दिला.

काकांनी सगळं ऐकलं.

"मग तुम्ही कुठलं विमान म्हणालात, आप्पा?"

समोर झेंडूच्या माळांत काकू बसली होती. माणसं पुढं चालली होती.

"तुझ्या आईचं," काका म्हणाले.

पलीकडची किंकाळी मला दोन हातांवरून ऐकू आली. "थांबवा आप्पा! खाली ठेवा!"

एकदा उचललेलं विमान आमच्यात मध्येच ठेवत नाहीत. काका धावत पुढं गेले आणि रस्त्यात आडवे उभे राहिले.

"ठेवा खाली. लेक यायलीय."

विधी करणाऱ्या जंगमस्वामींनी मावळतीकडं पाहिलं. "किती वेळ, माणिकप्पा?"

"मला म्हाईत न्हाई," काका म्हणाले, आणि तिथंच धुळीत बसले.