देवीचं शास्त्रीय नाव

सासूबाईंच्या देवघरातला देवीचा तांदळा मी लग्नापासून पाहत होतो, पण शेंदराचा एक गोळा म्हणून. आत दगड कुठला असेल, हा प्रश्न खनिजांच्या प्रयोगशाळेत नोकरी करूनही मला कधी पडला नाही. गेल्या मंगळवारी देवीनं कवच टाकलं. वर्षानुवर्षं चढलेली शेंदराची पुटं आपोआप निखळली आणि सासूबाईंनी बायकोला आणि मला हिमायतनगरच्या घरी बोलावून घेतलं.

आंघोळ घालून, पुसून त्यांनी देवी माझ्या हातात दिली. पांढरट, किंचित हिरवी, मोत्यासारखी चमक. नेहमी सापडणारं फेल्डस्पार असेल म्हणून हातात तोलून पाहिलं, तर त्याहून जड. अँब्लिगोनाइट असू शकेल, असं वाटलं. ग्रॅनाइटी पेग्मटाइटच्या शिरांत क्वचित मिळणारं, लिथियम असलेलं हे फॉस्फेट. इतक्या वर्षांत मला स्वतःला ते एकदाही सापडलेलं नाही. ओला दगड जास्त नीट दिसतो, म्हणून मी सवयीनं देवी उलटी केली आणि बुडाला जीभ लावली.

"अय्यो, चाटलंस?" बायको ओरडली. "हौला आहेस का? डोकं ठिकाणावर आहे?"

"फील्डवर आम्ही असंच..."

"हे फील्ड आहे?"

सासूबाईंनी देवी परत घेतली आणि पुन्हा आंघोळ घातली, या वेळी दुधाची. मग मलाच सांभाळून घेत म्हणाल्या, "जावईबापू, काही कळलं का?"

खात्रीसाठी चिमूटभर पूड लागते. ज्योतीत धरली की लिथियममुळे ज्योत लाल होते. पण पुडीसाठी कोपरा फोडायला हवा, आणि भंगलेली देवी या घरात पूजेत ठेवत नाहीत. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "थोडी पूड मिळाली तर..."

"किती?" त्यांनी विचारलं. जावयाला नाही म्हणायची त्यांच्याकडे रीत नाही. तांदळ्यावर मात्र त्यांनी तळहात झाकून धरला होता. तो हात दिसेपर्यंत मी किती लांबवर गेलो होतो, हे मला कळलं नव्हतं.

"नको, आई," मी म्हणालो. "कळलं मला."

"काय नाव?"

"अँब्लिगोनाइट."

त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं. "अंबली... अगं, अंबाच की! यांच्या शास्त्रातपण अंबाच!"

नाव ग्रीक आहे, त्याचा अर्थ बोथट कोन, हे सांगायला मी तोंड उघडलं. तोवर त्या तेलात शेंदूर कालवायला लागल्या होत्या. पहिला हात देऊन झाल्यावर चिक्कडपल्लीच्या नणंदेला फोन गेला. "जावयांनी तपासून सांगितलं," त्या म्हणत होत्या. तपासून. चाचणीशिवाय नाव लिहिलेले रिपोर्ट मी ऑफिसात शेरा मारून परत पाठवतो.

परतताना गाडीत बायकोनं विचारलं, "खरंच कळलं?"

"नाही."

"आईला सांगू नकोस," ती म्हणाली.