भिंतीवरचा हात

नवी वस्तू जुनी करून विकणं हा माझा धंदा. भद्रावतीत भाड्याच्या खोलीत मी लाकडी पाट्या रंगवते, लोक त्या बैठकीत टांगतात. त्यांना जुनं हवं असतं, फक्त त्याला वाळवी नको. मागच्या वर्षी अशीच एक पाटी मी आईसाठी केली. त्या पाटीची लाज मला अजून वाटते.

आमच्याकडे नवरी सासरी जाताना माहेरच्या भिंतीवर हळदीच्या हाताचा ठसा उमटवून जाते. पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या घरात बहिणीचा ठसा होता. पुढे भावाचं लग्न ठरलं. लग्नाआधी घर पोतायचं, हाही आमचा रिवाजच. मी हौसेनं चुना कालवला आणि त्या ठशावरून दोनदा कुंचा फिरवला. लग्नासाठी माहेरी आलेली बहीण शेजारी बादली धरून उभी होती. तिलाही काही वाटलं नाही, आईलाही नाही.

त्याच उन्हाळ्यात बहीण मोहफुलं वेचायला गेली आणि वाघानं तिला मारलं. जे सापडलं ते चादरीत बांधूनच आणलं, आईला तोंड पाहू दिलं नाही. मग आई त्या भिंतीपाशी बसून नखानं चुना खरवडू लागली. चुन्याखालून नुसती माती निघायची. मला ती एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मला शहाणीला वाटलं, आपल्या हातात कला आहे. पाटीला मातकट रंग दिला, त्यावर जागोजागी मेणबत्ती घासली आणि वरून चुन्यासारखा पांढरा मारला. वाळल्यावर पॉलिशपेपरनं घासताच मेणावरचा पांढरा निघून खालची माती दिसू लागली. भेगांच्या नक्षीचा रबरी शिक्का राखाडी शाईत बुडवून कोपऱ्यांवर उठवला. शेवटी तळव्याला गोंद लावून पंजा दाबला, त्यावर पिवळी एम्बॉसिंग पावडर भुरभुरली आणि गरम हवेची गन फिरवली. पावडर वितळली, ठसा फुगून वर आला. दहा वर्षांची भिंत दोन दिवसांत तयार झाली. मी स्वतःवर खूश होते, हेही कबूल करते.

आईनं पाटी मांडीवर घेतली. पाचही बोटांवरून हळूहळू हात फिरवला.

"हा तुया हात होय," ती म्हणाली.

"माय, तुले बरं वाटंल म्हणून केला."

"थे गेली. तू जित्ती हायेस. जित्त्या पोरीचा हात मेलेलीच्या नावानं भिंतीवर काऊन लावू मी? पोरींत मले तू एकच उरली."

तिचा आवाज चढला नाही. तिनं पदर पाण्यात भिजवला आणि ठसा पुसू लागली. पण आचेवर बसलेली पावडर पाण्याला कुठली दाद देते? मग तिनं विळा आणला. मी पाटी धरली आणि ती खरवडत राहिली. करंगळी गेली, मधली बोटं गेली. तिला धाप लागली. मला रडू आवरेना, आणि ते बहिणीसाठी होतं की माझ्यासाठी, हे मला आजही सांगता येत नाही.

अंगठा तेवढा राहिला. आईनं विळा माझ्यापुढे केला.

"तुया हात तूच काढ."

बहिणीचा हात मीच पुसला होता, हे ती तेव्हाही बोलली नाही. मी विळा घेतला आणि अंगठा खरवडून काढला.